दाचातल्या झोपडीतला प्रकाशगोळा

द्राक्ष अर्धे चिरून मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये ठेवले, की काही सेकंदांत त्यातून ठिणगी उडते आणि पिवळसर प्रकाशाचा लोळ वर उसळतो. हा प्रकाश म्हणजे प्लाझ्मा. वायूला इतकी ऊर्जा मिळाली, की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटून मोकळे फिरू लागले, तर त्या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. सूर्य प्लाझ्माचा आहे, आकाशातली वीज प्लाझ्माची वाट धरूनच येते आणि जुन्या ट्यूबलाइटच्या नळीतही प्लाझ्माच असतो. त्यामुळे हा चमत्कार घरच्या ओव्हनमध्ये घडवून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. काही जण द्राक्षावर थांबतात. काही जण त्यापुढे जाऊन ओव्हनचा पत्रा उघडतात आणि आतले भाग काढून आपल्या प्रयोगांना जोडतात.

सूक्ष्मलहरींतून प्लाझ्मा घडवण्याचा ध्यास एका मोठ्या शास्त्रज्ञाने जवळजवळ घरीच घेतला होता. त्याच्यावर ती वेळ हौसेने नव्हे, तर सत्तेच्या रोषामुळे आली होती. त्याचे नाव प्योत्र कापित्सा. इंग्रजी पुस्तकांत ते पीटर कापिट्झा म्हणून भेटतात.

कापित्सांचा जन्म जुलै १८९४ मधला, सेंट पीटर्सबर्गजवळच्या क्रोनश्टाट या नाविक तळावरचा. वडील लष्करी अभियंता, तटबंदीची बांधकामे करणारे. आई लोककथा आणि बालसाहित्याची अभ्यासक. पेट्रोग्राडच्या पॉलिटेक्निक संस्थेतून ते १९१८ मध्ये विद्युत अभियंता होऊन बाहेर पडले आणि अब्राम योफे या नामवंत भौतिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करू लागले. क्रांतीनंतरचे ते दिवस उपासमारीचे आणि रोगराईचे होते. १९१९-२० च्या हिवाळ्यात काही आठवड्यांच्या अंतराने साथींनी त्यांचे घर रिकामे केले. लहान मुलगा, पत्नी, नुकतीच जन्मलेली मुलगी आणि वडील, सगळे गेले. पंचविशीतल्या या तरुणाने काम जवळपास सोडून दिले होते. त्याला त्या वातावरणातून बाहेर काढायचे म्हणून योफे यांनी १९२१ मध्ये उपकरणे खरेदीसाठी निघालेल्या शिष्टमंडळात त्याला घेतले आणि इंग्लंडला नेले.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख तेव्हा अर्नेस्ट रदरफर्ड होते. कापित्सांना तिथे जागा कशी मिळाली याची एक गोष्ट सांगितली जाते. रदरफर्ड म्हणाले, जागा नाही, तीस माणसे आधीच आहेत. कापित्सांनी विचारले, तुमच्या प्रयोगांत चूक किती टक्क्यांची धरता? दोन-तीन टक्क्यांची, असे उत्तर आले. तर मग तिसात एक जास्तीचा माणूस त्या चुकीत सहज बसेल, असे त्या तरुणाने सुचवले आणि त्याला जागा मिळाली. गोष्ट कितपत शब्दशः खरी हे बाजूला ठेवू. पण पुढची तेरा वर्षे रदरफर्ड यांचा या रशियन शिष्यावर विशेष जीव होता. कापित्सांनी त्यांचे नाव ठेवले होते मगर. १९३३ मध्ये कापित्सांसाठी मोंड प्रयोगशाळा बांधली गेली, तेव्हा तिच्या भिंतीवर एरिक गिल या शिल्पकाराकडून त्यांनी मगर कोरून घेतली. ती आजही तिथे आहे.

केंब्रिजमध्ये त्यांनी केलेले काम पाहिले, की भौतिकशास्त्रज्ञाच्या अंगात मुरलेला अभियंता दिसतो. त्यांना अतिशय तीव्र चुंबकीय क्षेत्र हवे होते. त्यासाठी तारेच्या वेटोळ्यातून प्रचंड विद्युतप्रवाह सोडावा लागतो आणि तेवढ्या प्रवाहाने वेटोळे वितळून जाते. कापित्सांनी विचार केला, की प्रवाह सतत कशाला हवा? सेकंदाचा शंभरावा भाग पुरे. वेटोळे तापण्याआधीच मोजमाप संपवायचे. त्यांनी एक मोठे जनित्र बनवून घेतले आणि क्षणभर त्याचे शॉर्टसर्किट केले. तेवढ्या धक्क्याने जनित्राखालची जमीन हादरे. म्हणून प्रयोगाचे वेटोळे त्यांनी वीसेक मीटर दूर ठेवले. जमिनीतून हादरा तिथवर पोचेपर्यंत प्रयोग आटोपलेला असे. या पद्धतीने त्यांनी ३२० किलोगॉस, म्हणजे ३२ टेस्ला इतके क्षेत्र मिळवले. त्या काळात असे क्षेत्र दुसरीकडे कुठे नव्हते.

१९२९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. दोन वर्षे आधी त्यांनी जहाजबांधणीतले तज्ज्ञ आणि गणिती अलेक्सी क्रिलोव्ह यांची मुलगी आन्ना हिच्याशी लग्न केले होते. सर्गेई आणि आंद्रेई ही दोन मुले केंब्रिजलाच जन्मली. १९३४ मध्ये हेलियम द्रवरूप करण्याचे नवे यंत्र त्यांनी तयार केले. त्याच वर्षी शरद ऋतूत ते नेहमीप्रमाणे मायदेशी भेटीला गेले आणि सोव्हिएत सरकारने त्यांना परत जाऊ दिले नाही. देशाला त्यांची गरज आहे, असे सांगण्यात आले. प्रयोगशाळा केंब्रिजला आणि शास्त्रज्ञ मॉस्कोत अशी स्थिती झाली. कित्येक महिने ते काहीच काम करू शकले नाहीत. अखेर रदरफर्ड यांनीच तोडगा काढला. मोंड प्रयोगशाळेतली कापित्सांची उपकरणे सोव्हिएत सरकारने ३० हजार पौंडांना विकत घेतली आणि मॉस्कोत त्यांच्यासाठी इन्स्टिट्यूट फॉर फिजिकल प्रॉब्लेम्स ही संस्था उभी राहिली.

तिथे त्यांनी १९३७ च्या अखेरीस जे पाहिले, त्याने त्यांचे नाव विज्ञानात कायमचे कोरले गेले. द्रव हेलियम उणे २७१ अंश सेल्सियसच्या आसपास थंड केला, की त्याची चिकटी जणू नाहीशी होते आणि तो अतिसूक्ष्म फटींतूनही अडथळ्याविना वाहतो. या गुणधर्माला त्यांनी अतिप्रवाहिता हे नाव दिले. केंब्रिजला जॉन अॅलन आणि डॉन मायझनर या दोघांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हेच पाहिले आणि १९३८ च्या जानेवारीत दोन्ही निबंध एकत्र प्रसिद्ध झाले.

हाच काळ स्टालिनच्या दडपशाहीचा होता. कापित्सा स्टालिनला थेट पत्रे लिहीत, आणि तीही तोंडदेखली नव्हेत. व्लादिमिर फॉक यांना अटक झाली तेव्हा त्यांनी पत्र लिहिले. त्यांच्याच संस्थेतला तेजस्वी सिद्धान्ती लेव्ह लांदाऊ १९३८ च्या एप्रिलमध्ये तुरुंगात गेला, तेव्हाही लिहिले आणि वर्षभर पाठपुरावा केला. शेवटी कापित्सांनी त्याची हमी घेतली आणि लांदाऊ सुटला. याच लांदाऊने पुढे अतिप्रवाहितेचा सिद्धान्त मांडला आणि १९६२ मध्ये नोबेल मिळवले. त्या दिवसांत तुरुंगातल्या माणसासाठी शब्द टाकणे म्हणजे स्वतःचा गळा पुढे करणे होते.

महायुद्धात त्यांनी हवेतून स्वस्तात ऑक्सिजन वेगळा करण्याची पद्धत उद्योगात आणली. १९४५ मध्ये अणुबॉम्बच्या समितीवर त्यांची नेमणूक झाली. समितीचा प्रमुख होता गुप्त पोलिसांचा सर्वेसर्वा लाव्रेंती बेरिया. कापित्सांचे त्याच्याशी पटले नाही. वाद्यवृंदाच्या संचालकाला निदान स्वरलिपी वाचता यायला हवी, अशा अर्थाची तक्रार त्यांनी स्टालिनकडे केली आणि समिती सोडली. असे सांगतात, की बेरियाला त्यांना अटक करायची होती, पण स्टालिनने तेवढी परवानगी दिली नाही. जीव वाचला, बाकी सगळे गेले. ऑगस्ट १९४६ मध्ये ऑक्सिजनच्या कामातल्या कथित त्रुटींचे निमित्त करून त्यांना संस्थेच्या संचालकपदावरून दूर करण्यात आले.

बावन्नाव्या वर्षी कापित्सा मॉस्कोबाहेरच्या निकोलिना गोरा इथल्या आपल्या दाचात, म्हणजे नदीकाठच्या गावाबाहेरच्या घरात, राहायला गेले. आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांची प्रयोगशाळा हिरावली गेली होती. या वेळी तोडगा काढायला रदरफर्ड नव्हते. ते १९३७ मध्येच वारले होते. मग कापित्सांनी स्वतःच घराच्या आवारात प्रयोगशाळा थाटली. तिला गमतीने नाव मिळाले ‘इझबा फिझिचेस्किख प्रोब्लेम’. इझबा म्हणजे रशियन खेड्यातली लाकडी झोपडी. इन्स्टिट्यूटच्या जागी झोपडी आली, प्रश्न मात्र भौतिकशास्त्राचेच राहिले.

आधी त्यांनी हाताशी असलेल्या साधनांवर भागेल असे प्रश्न घेतले. उभ्या पृष्ठावरून पाण्याचा पातळ थर वाहताना त्यावर लाटा कशा उठतात, हा एक. थोरला मुलगा सर्गेई या प्रयोगांत मदतीला असे. दुसरा प्रश्न उलट्या लंबकाचा. लंबक डोके वर करून उभा ठेवला तर लगेच पडतो. पण त्याचा खालचा आधार वेगाने वरखाली हलवला तर तो उभाच राहतो. १९५१ मधले हे विश्लेषण आज कापित्सांचा लंबक म्हणून पाठ्यपुस्तकांत आहे. अशा कामाला पैसा लागला नाही, डोके लागले. दरम्यान डिसेंबर १९४९ मध्ये स्टालिनच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या समारंभांना ते गेले नाहीत, म्हणून मॉस्को विद्यापीठातली त्यांची प्राध्यापकीही गेली.

याच झोपडीत ते सूक्ष्मलहरींकडे वळले. महायुद्धात ब्रिटिशांनी मॅग्नेट्रॉन ही निर्वात नळी रडारसाठी परिपूर्ण केली होती. तिच्यात तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळत वळत जातात आणि वाटेतल्या धातूच्या पोकळ्यांमध्ये विद्युतचुंबकीय लहरी जागवतात. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की सूर निघतो, काहीसे तसेच. अमेरिकेत पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ मध्ये हीच नळी अन्न तापवायला वापरली आणि मायक्रोवेव्ह ओव्हन जन्माला आला. कापित्सांना तिच्यात वेगळे काही दिसले. हजारो वॉटची शक्ती सतत देणारे जनित्र झाले, तर लहरींच्या रूपाने ऊर्जा दूरवर पाठवता येईल, असे त्यांना वाटत होते. आपल्या जनित्राला त्यांनी निगोट्रॉन नाव दिले, निकोलिना गोरावरून.

निगोट्रॉनच्या सुरुवातीच्या एका नमुन्याची चाचणी चालू होती. त्याच्या लहरी दहा सेंटिमीटर व्यासाच्या क्वार्ट्झच्या गोळ्यातून जात होत्या. गोळ्यात कमी दाबाचा हेलियम भरला होता. अचानक आत ठळक कडा असलेला प्रकाश पेटला. तो काही सेकंदच दिसला, कारण तेवढ्यात क्वार्ट्झ एका जागी वितळून गेले. क्वार्ट्झ वितळायला सुमारे सतराशे अंश सेल्सियस लागतात.

दुसऱ्या कुणी फुटके भांडे टाकून देऊन चाचणी पुढे चालवली असती. कापित्सांना त्यात वादळातला तो गूढ प्रकाशगोळा आठवला. वादळी पावसात कधीकधी चेंडूएवढा चमकता गोळा हवेत तरंगताना पाहिल्याचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. तो काही सेकंद टिकतो, हेच कोडे. एवढ्या छोट्या गोळ्यात साठलेली उष्णता क्षणार्धात निघून जायला हवी. १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात कापित्सांनी सुचवले, की गोळ्याची ऊर्जा त्याच्या आत नसतेच. ढग आणि जमीन यांच्यामध्ये वादळाच्या रेडिओलहरी परावर्तित होऊन स्थिर लहरी तयार होत असतील आणि जिथे त्यांचे बळ सर्वाधिक, तिथे बाहेरून पुरवठा मिळत राहिल्याने गोळा तेवत असेल. १० ते २० सेंटिमीटरच्या गोळ्यासाठी ३५ ते ७० सेंटिमीटर लांबीच्या लहरी लागतील, असा त्यांचा हिशेब होता.

हे अनुमान आजही सिद्ध झालेले नाही. वादळात तेवढ्या जोरकस लहरी तयार होतात, याचा पुरावा मिळालेला नाही. पण कल्पना पोकळ नव्हती. १९९१ मध्ये जपानी संशोधकांनी घरच्या ओव्हनच्याच वारंवारतेच्या लहरी एकमेकींवर आदळवून हवेत प्रकाशगोळे तयार करून दाखवले.

स्टालिन मार्च १९५३ मध्ये मरण पावला. त्याच वर्षी बेरियाला अटक होऊन मृत्युदंड झाला. जानेवारी १९५५ मध्ये कापित्सा पुन्हा आपल्या संस्थेचे संचालक झाले. झोपडीतला नाद मात्र त्यांनी सोडला नाही. सुधारलेला निगोट्रॉन १७५ किलोवॉट शक्ती अखंड देऊ लागला. घरच्या ओव्हनची शक्ती एक किलोवॉटच्या आतबाहेर असते, हे लक्षात घेतले की फरक कळेल. भांडे वितळू नये म्हणून त्यांनी प्लाझ्मा धातूच्या मोठ्या पोकळीच्या मधोमध, भिंतींना न लागता तरंगता ठेवला. दोरीसारखा सुमारे दहा सेंटिमीटर लांबीचा तो झोत दीर्घकाळ टिके. त्यातले इलेक्ट्रॉन दहा लाख अंशांच्या घरात तापतात, असे त्यांचे मत झाले आणि यातून सूर्यासारखी अणुसंमीलनाची भट्टी होईल, अशी आशा त्यांना वाटू लागली. इतर शास्त्रज्ञांना ते तापमान पटले नाही आणि ती भट्टी कधी झालीही नाही.

१९७८ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते अतिशीत तापमानावरच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या कामासाठी. पुरस्काराचा दुसरा अर्धा भाग आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना मिळाला, विश्वातून येणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या शोधाबद्दल. नोबेल व्याख्यानात कापित्सा हेलियमवर बोललेच नाहीत. ते काम आपण तीस वर्षांपूर्वी सोडले, असे सांगून त्यांनी प्लाझ्माचा विषय घेतला. ८ एप्रिल १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. शेवटपर्यंत ते संस्थेचे संचालक होते.

आता पुन्हा आपल्या ओव्हनकडे येऊ. घरातला मॅग्नेट्रॉन २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी देतो. त्यांची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. पाणीदार द्राक्षात शिरल्यावर ही लांबी द्राक्षाएवढीच होते, त्यामुळे दोन अर्ध्या भागांच्या सांध्यावर लहरींचे बळ एकवटते. तिथे द्राक्षातल्या सोडियम-पोटॅशियमचे अणू इलेक्ट्रॉन गमावतात आणि प्लाझ्मा पेटतो. कॅनडातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये हे नीट उलगडून दाखवले. त्यांनाही प्रयोगांत ओव्हन खराब होण्याचा अनुभव आला. घरी हे करताना काच तडकते, आतला लेप जळतो आणि प्लाझ्मामुळे हवेतून ओझोन व नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासात गेला, तर फुप्फुसांचा त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो. तोवर माणूस ठीक वाटतो.

खरा जीवघेणा धोका आहे तो पत्रा उघडण्यात. आतला ट्रान्सफॉर्मर सुमारे दोन हजार व्होल्ट देतो आणि कपॅसिटरच्या जोडणीने तो दाब चार हजारांच्या आसपास जातो. हृदय थांबवायला जेवढा प्रवाह लागतो, त्याच्या कितीतरी पट प्रवाह हा ट्रान्सफॉर्मर देऊ शकतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहू शकतो. घरातला गळती-संरक्षक स्विच म्हणजे ईएलसीबी इथे वाचवेल, या भरवशावर राहू नये. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूचा धक्का त्याला कळतच नाही. ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरने लाकडावर विजेच्या नक्षी जाळण्याच्या छंदात परदेशात अनेकांचे प्राण गेले आहेत. काही मॅग्नेट्रॉनमधल्या चिनीमातीसारख्या भागात बेरिलियम ऑक्साइड असते; तो फोडला तर त्याची भुकटी फुप्फुसांना कायमची इजा करते.

दाराची जाळी आणि दार उघडताच ओव्हन बंद करणारे स्विच हेच आपले कवच आहे. जाळीची छिद्रे लहरींच्या लांबीपेक्षा खूप लहान असल्याने त्या बाहेर येत नाहीत. ओव्हनपासून पाच सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला पाच मिलिवॉटपेक्षा जास्त गळती नसावी, अशी अमेरिकेतली मर्यादा आहे. धडधाकट ओव्हनची गळती त्याहून पुष्कळ कमी असते. हे कवच काढले, तर लहरी अंगात खोलवर शिरून भाजतात. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्या नसल्याने तिथली उष्णता वाहून नेली जात नाही आणि मोतीबिंदू होऊ शकतो. दार नीट लागत नसेल, बिजागरी सैल झाली असेल किंवा जाळी गंजली असेल, तर ओव्हन वापरणे थांबवून तो जाणकार तंत्रज्ञाला दाखवावा. कुणाला विजेचा धक्का बसलाच, तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा, १०८ वर फोन करावा आणि श्वास थांबला असेल, तर छातीवर दाब देणे लगेच सुरू करावे.

ज्यांना प्लाझ्मा खरेच पाहायचा आहे, त्यांनी महाविद्यालयाची प्रयोगशाळा गाठावी. तिथे कमी दाबाच्या नळ्या, योग्य वीजपुरवठा आणि शेजारी उभा राहणारा शिक्षक असतो. सूक्ष्मलहरींचा प्लाझ्मा आता उद्योगातही रुळला आहे. सुरतमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेले हिरे बनतात, त्यांतले बरेच अशाच प्लाझ्मात, मिथेन आणि हायड्रोजनच्या मिश्रणातून, थराथराने वाढतात.

कापित्सांनी झोपडीत काम केले म्हणून त्यांची प्रयोगशाळा घरगुती जुगाड ठरत नाही. त्यांच्यामागे विद्युत अभियंत्याचे शिक्षण होते आणि प्रचंड शक्तीची यंत्रे हाताळण्याचा पंचवीस वर्षांचा सराव होता. यंत्राचा हादरा किती वेळात कुठे पोचेल, याचा हिशेब मांडून मगच ते खटका दाबत. घर त्यांनी निवडले नव्हते. दुसरी जागाच त्यांना उरू दिली नव्हती. आपल्या मुलांपुढे तशी वेळ नाही. त्यांचे कुतूहल दाबू नये, त्याला योग्य जागा मिळवून द्यावी.